शब्दचर्चा : प्रार्थनेतला ‘शत्रू’ कोण, आणि सुवार्तेचा ‘प्रचार’ की ‘प्रसार’?

गिरणाकाठ :
आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) उपास-प्रार्थनेचं पत्रक छापायचं आहे. मजकूर पाळकसाहेबांचा, मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे. त्यातलं एक वाक्य असं :

‘हे प्रभू, आमच्या शत्रूंपासून आमचे संरक्षण कर, आणि तुझ्या सुवार्तेचा प्रचार सर्व खान्देशात होवो.’

व्याकरणात खोट नाही. पण पत्रक गावात वाटलं जाणार, आणि गाव मिश्र वस्तीचं. शेजारचे आप्पा वाचतील आणि ओट्यावरूनच विचारतील, “शत्रू म्हंजे आम्ही का रे भो?” तेव्हा ‘शत्रू’, ‘संरक्षण’ आणि ‘प्रचार’ या तिघांची जरा चौकशी करू या. धर्मांतराचा वाद इथे नको, त्याला दुसऱ्या जागा भरपूर आहेत.

भरीतभाकरी :
‘प्रचार’ आधी काढा. आमच्या यावलला ‘प्रचार’ म्हटलं की जीप, भोंगा आणि चिन्ह. लोक विचारतील, उमेदवार कोण?

पोथीवाला :
हे वाक्य हवेतून आलेलं नाही. बायबलच्या नव्या करारातल्या, थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला या दोन्ही मागण्या एकापाठोपाठ आहेत : प्रभूचं वचन पसरावं, आणि वाईट माणसांपासून आमची सुटका व्हावी. क्रम लक्षात घ्या. आधी वचन, मग माणसं. पत्रकात तो उलटा झालाय, त्यामुळे वाचणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरतो तो शत्रू.

आता शब्द. वचनाबद्दल मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ ‘धावणे’. वचन धावत जावं, वाटेत अडू नये, अशी ती मागणी. ‘प्रसार’ इथे चपखल बसतो, कारण त्याच्या पोटात ‘सृ’ धातू आहे, म्हणजे सरणं, पुढे जाणं. ‘प्रचार’ही चालण्यावरूनच (चर्) आलाय, पण आज त्यात सांगणाऱ्याचा आवाज वचनापेक्षा मोठा ऐकू येतो. ‘शिक्षण प्रसारक मंडळ’ अशा नावाच्या संस्था महाराष्ट्रात जागोजाग आहेत. ‘शिक्षण प्रचारक’ म्हणून पाहा, लगेच काहीतरी विकायला आल्यासारखं वाटतं.

त्या वाईट माणसांसाठी दोन विशेषणं आहेत. त्यातलं पहिलं ‘अतोपोस’. ‘तोपोस’ म्हणजे जागा, त्याच्या आधी नकाराचा ‘अ’. आपण ‘याचं डोकं ठिकाणावर नाही’ म्हणतो ना, जवळपास तेच. मराठीत नुसतं ‘वाईट’ म्हटलं की ठिकाण सुटल्याचा हा भाव हरवतो. ही माणसं कोण, हे पत्रात सांगितलेलं नाही, पण असा विरोध वाचणाऱ्यांच्या ओळखीचा होता. थेस्सलनीकात, ज्याच्या नावे हे पत्र आहे त्या पौलाच्या यजमानाच्या, यासोनाच्या, घरावर जमाव चालून गेला होता, हे प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये आहे. पत्रलेखकाच्या मनात नेमकी काही माणसं असावीत. गावाला उद्देशून मोघम ‘शत्रू’ तो लिहीत नाही.

गिरणाकाठ :
म्हणजे ‘शत्रू’ हा शब्दच त्या जागी नाही?

पोथीवाला :
त्या जागी नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या स्तोत्रांत आहे, भरपूर आहे. स्तोत्र ५९ च्या मथळ्यात प्रसंगच दिलाय : शौल राजाने दाविदाला मारण्यासाठी घरावर पाळत ठेवायला माणसं पाठवली. तिथला शत्रू दाराबाहेर उभा आहे. उलट इफिसकरांस पत्रात (६:१२) सरळ म्हटलंय, आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही. एकाच पुस्तकात शत्रूचे दोन पत्ते, आणि आपलं पत्रक पत्ता न लिहिताच टपालात टाकतंय.

आणखी एक. हिब्रूत ‘वैरी’ या अर्थाचा ‘त्सर’ असा एक शब्द आहे. त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ अरुंद जागा, अडचण. आपल्या ‘संकट’ शब्दाचा संस्कृतातला अर्थही ‘चिंचोळं, दाटीचं’ असाच. म्हणून स्तोत्रातल्या ‘मला सोडव’चा अर्थ काही ठिकाणी ‘मला मोकळ्या जागेत आण’ असा निघतो. हे कळल्यावर ती स्तोत्रं मला तरी वेगळी ऐकू येतात.

तापीमाय :
‘वैरी’ आणि ‘शत्रू’ यांत मला मोठा फरक वाटतो. बांधाचं वैर, भाऊबंदकीचं वैर, पाटाच्या पाण्यावरून वैर. वैऱ्याला नाव असतं, घर असतं, त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली की जायचं की नाही यावर घरात भांडण असतं. आणि वैर मिटतं. ‘वैर मिटलं’ म्हणतात, ‘शत्रू मिटला’ कोणी म्हणत नाही. शत्रू वर्तमानपत्रात आणि सीमेवर. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ असं मराठीत आलंय (मत्तय ५:४४), ते भाषांतरकारांनी जाणून केलं असो वा नसो, फार बरं झालं. सीमेपलीकडच्या सैन्यावर प्रीती करा म्हटलं तर माणूस मान डोलावून घरी जातो. बांधापलीकडच्यावर करायची म्हटली की पोटात गोळा येतो.

बोलताना आपल्याकडे ‘दुश्मन’ही चालतोच. तो फारसी, त्याचा अर्थ ‘वाईट मनाचा’. त्यात निदान मन तरी आहे.

पोथीवाला :
ताई, ‘वैर’ची व्युत्पत्ती ‘वीर’वरून देतात. म्हणजे मुळात तोही रणांगणावरचाच. बांधावर नंतर आला.

तापीमाय :
असेना का. आज तो बांधावर राहतो.

नवापूरकर :
आमच्या भागाचं सांगतो. नवापूर, चिंचपाडा, विसरवाडी इकडे मंडळीतली बहुतेक माणसं आदिवासी. घरात मावची, बाजारात गुजराती-मराठी, उपासनेत पुस्तकी मराठी. ‘संरक्षण’ म्हटलं की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंदोबस्ताची गाडी येते. ‘पोलीस संरक्षण’ मधलं संरक्षण. देवाकडे मागायचं ते ‘राख’. ‘प्रभू, आम्हाला राख.’

आणि इथे खान्देशात चालत आलेला एक शब्द आहे, ‘जागल्या’. गावाची रात्रीची राखण करणारा, जागा राहणारा. हे काम आपल्याकडे पुष्कळ गावांत भिल्लांकडे असायचं. स्तोत्र १२१ वाचा : तुला राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही. आठ ओव्यांच्या त्या स्तोत्रात ‘राखणे’ या अर्थाचं हिब्रू क्रियापद सहा वेळा येतं. आमच्या एका जुन्या सुवार्तिकांनी हे स्तोत्र समजावताना देवाला ‘आपला जागल्या’ म्हटलं होतं. शहरातून आलेल्या पाहुण्यांना ते हलकं वाटलं. ज्यांच्या आज्यांनी रात्र-रात्र जागून गाव राखलं, त्यांना नाही वाटलं.

भरीतभाकरी :
आणि गंमत पाहा, ज्या भिल्लांच्या हाती गावाची राखण, त्यांनाच इंग्रजांनी खान्देश घेतल्यावर आधी शत्रूत धरलं. मग १८२५ ला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचीच भिल्ल पलटण उभी केली, ठाणं धरणगावला. शत्रू कोण, हे लिहिणाऱ्याच्या खुर्चीवर ठरतं भाऊ.

पोथीवाला :
‘राख’ मान्य, पण सगळीकडे नाही. थेस्सलनीकाच्या त्याच उताऱ्यात दोन वेगळी क्रियापदं आहेत. वाईट माणसांपासून ‘सोडव’, हे प्रभूच्या (येशूने शिकवलेल्या) प्रार्थनेतल्या ‘वाइटापासून सोडव’चंच क्रियापद. पुढच्या ओवीत ‘राखील’. सापडलेल्याला सोडवतात, न सापडलेल्याला राखतात. ‘संरक्षण’ दोन्ही गिळून टाकतं.

‘वाइटापासून’ वर एक तळटीप : ग्रीक रूप असं आहे की ‘वाईट गोष्ट’ आणि ‘तो वाईट’, म्हणजे सैतान, दोन्ही अर्थ निघतात. मराठी ‘वाइटापासून’ही ते दार उघडं ठेवतं. ‘दुष्टापासून’ लिहिलं की बंद.

तापीमाय :
स्तोत्र २३ मधलं तेवढं सांगून जाते. हिब्रूत देव शत्रूंच्या समोर मेज मांडतो. मराठीत तो ‘ताट वाढतो’. मांडलेल्या मेजावर कोणीही बसावं, ताट नाव घेऊन वाढलं जातं. शत्रू तिथेच उभे आहेत, कोणी त्यांना हाकललेलं नाही. राखणं असंही असतं.

गिरणाकाठ :
सगळ्यांचं ऐकून पाळकसाहेबांपुढे ठेवायला हे बांधलंय :

‘हे प्रभू, तुझे वचन खान्देशात गावोगाव धावत जावो. जे आमच्याशी वैर धरतात त्यांचे भले कर. आम्हांला वाईटापासून सोडव, आणि रात्रंदिवस राख.’

‘खान्देशात गावोगाव’ ठेवावं की नुसतं ‘गावोगाव’?

नवापूरकर :
‘खान्देशात’ राहू द्या. नंदुरबार १९९८ ला धुळ्यातून निघाला तरी आम्ही स्वतःला खान्देशीच म्हणतो. ‘धावत जावो’ चांगलं आहे, मावचीत सांगायलाही सोपं जाईल.

तापीमाय :
‘त्यांचे भले कर’ पाळकसाहेब ठेवतील का, ते मात्र कळवा.

पोथीवाला :
‘वाईटापासून’ नाही, ‘वाइटापासून’. गरीब-गरिबाला, तसं वाईट-वाइटाला. आणि ‘आम्हांला’वर अनुस्वार दिलाय तर तो पत्रकभर सारखा द्या, पहिल्या पानावर ‘आम्हाला’ आहे.