घरच्या गाण्यासाठी स्वस्तातला रिबन माइक: कोणता घ्यावा, आणि ५६ डीबी गेन पुरेल का?

गोदाकाठचा_सूर (सातपूर, नाशिक)
नमस्कार मंडळी. घरीच अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करायची आहेत. पुरुष आवाज, पट्टी काळी एक, पेटी स्वतःच वाजवत गायचं. खोली १० बाय ११ फूट, पहिला मजला, डोक्यावर पंखा, डावीकडे खिडकी, खाली ग्रिल-शटरचं वेल्डिंगचं दुकान. सध्याच्या कंडेन्सर माइकवर ‘स’ आणि ‘श’ टोचतात, म्हणून रिबन माइक (आवाज पकडायला चुंबकाच्या फटीत धातूची पातळ पट्टी असते तो) घ्यायचाय. एमएक्सएल आर१४४ की एसई एक्स१ आर, यात अडकलोय. इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, ५६ डीबी आहे; कागदावर ईआयएन (सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपची स्वतःची खरखर) −१२८ डीबीयू. पुरेल का? आणि फँटम (इंटरफेसकडून केबलमधून माइकला जाणारी ४८ व्होल्टची वीज) चालू राहिली तर रिबन जळते म्हणतात, ते खरं का?

मायक्रोव्होल्ट
मॉडेल नंतर, आधी हिशोब बघा. आर१४४ ची संवेदनशीलता −५६ डीबीव्ही, म्हणजे ९४ डीबीच्या आवाजाला जेमतेम १.६ मिलिव्होल्ट. ३० सेंटिमीटरवरून हळुवार गायलेली ओळ ७४ डीबी धरली, तर माइकमधून −७६ डीबीव्ही, म्हणजे दुसऱ्या मापात −७४ डीबीयू निघेल. त्यावर ५६ चढवले की −१८ डीबीयू. तुमच्या इंटरफेसची कमाल पातळी +९ डीबीयू असेल तर मीटरवर सरासरी −२७ दिसेल. २४ बिटमध्ये एवढं चालतं, पातळी नंतर वाढवता येते. अडचण खरखरीची आहे. −७४ चा सिग्नल आणि −१२८ ची खरखर, मध्ये फक्त ५४ डीबी. तानपुरा सुरू असेल तर ती खरखर झाकली जाते. नुसत्या आलापात दोन ओळींमधल्या शांततेत ऐकू येईल.

माइक घ्यायच्या आधी ही चाचणी करा. एक्सएलआर (माइक केबलचा तीन पिनांचा) मेल प्लगच्या पिन २ आणि ३ मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर जोडा, फँटम बंद, गेन पूर्ण, आणि एक मिनिट रेकॉर्ड करा. आरएमएस (सरासरी पातळी) मीटरवर −८० च्या आसपास आला तर कागदावरचा आकडा खरा आहे. −७० दिसला तर प्रीअँप गोंगाटी, मग क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेडसारखा बूस्टर (२५-२७ डीबी) बजेटमध्ये धराच. तो फँटमवर चालतो, पण ती माइकपर्यंत जाऊ देत नाही. प्रीअँप मुळात शांत असेल तर बूस्टरने फार फरक पडणार नाही. गेनचा आकडा बघून लोक तो उगाच घेतात.

सोल्डरवाला
फँटमचं अर्धं खरं आहे. केबल धड असेल तर पिन २ आणि ३ दोन्हींवर सारखेच ४८ व्होल्ट येतात, माइकच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी वाहत नाही, रिबनला काही होत नाही. पिन २ किंवा ३ शील्डला टेकलेली असेल, किंवा फँटम चालू ठेवून टीआरएस पॅचबेमध्ये (जोडण्या बदलायच्या पट्टीत) जॅक खुपसला, तर झटका बसतो आणि रिबन ताणली जाते. मल्टिमीटरने बघा: १-१, २-२, ३-३ वाजले पाहिजेत, आडवं काहीही वाजता कामा नये. बघताना केबल टोकांपाशी वाकवून हलवत राहा, खोटा जोड तेव्हाच सापडतो. माइक लावताना-काढताना फँटम बंद, आणि बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा. अॅक्टिव्ह (आतच अँप्लिफायर असलेल्या) रिबनला मात्र फँटम लागतेच. तुमचे दोन्ही पर्याय पॅसिव्ह आहेत.

मला जास्त काळजी खालच्या दुकानाची वाटते. ग्राइंडरची लोखंडी धूळ चुंबकाच्या फटीत ओढली जाते आणि तिथेच बसते. रिबन साधारण दोन मायक्रॉनची असते. कण टेकला की करकर येते, आणि फुंकर मारून तो निघत नाही, फुंकरीने रिबनच जाते. काम संपलं की लगेच माइकवर कापडी पिशवी. ठेवायचा उभाच, आडवा ठेवला तर रिबन कालांतराने लोंबते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर गुणगुण ट्रान्सफॉर्मरमधून थेट शिरते. लॅपटॉपचा अडॅप्टरही मीटरभर लांब. तरी गुणगुण आली तर माइक जागेवरच थोडा फिरवून बघा, एका कोनात ती बरीच उतरते.

खर्जातला_सा
पेटीवाल्याला रिबन फार सोयीची. फिगर-एट पॅटर्नमध्ये पुढून-मागून सारखंच ऐकू येतं. डाव्या-उजव्या बाजूने आणि वर-खाली माइक जवळजवळ बहिरा. तोंडाच्या उंचीवर, ३० सेंटिमीटरवर माइक उभा लावा आणि पेटी बरोब्बर त्याच्या खाली सरकवा. पेटी कंडेन्सरपेक्षा निम्म्याहून कमी शिरेल. खिडकी माइकच्या कुशीला ठेवा. पंख्याचा आवाजही वरून येत असल्यामुळे पडतो, पण वारा रिबनवर येतो, म्हणून पंखा बंदच.

१५ सेंटिमीटरच्या आत गेलात तर खालचे सूर फुगतील. काळी एकमध्ये मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, मंद्र पंचम १०४. हाय-पास (खालचे आवाज कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवला तर पंचमाला धक्का लागत नाही. पॉप फिल्टर माइकपासून १० सेंटिमीटरवर. ‘पांडुरंग’, ‘भक्ती’, ‘फुले’ म्हणताना हवेचा जो झोत येतो, त्याने नुसता आवाज बिघडत नाही, रिबनही ताणली जाते.

दुसरी_बाजू
थोडा विरोध. ‘स’ टोचतो म्हणून लगेच रिबन? आहे तो कंडेन्सर तोंडाच्या रेषेतून २०-३० अंश वळवा, दोन इंच वर घ्या, परत ऐका. आणि रिबन मागूनही तितकंच ऐकते हे लक्षात घ्या. मागे अडीच फुटांवर उघडी भिंत असेल तर खोलीचा डब्यासारखा घुमणारा आवाज जास्तच येईल. मागे दोन जाड गोधड्या, भिंतीपासून चार इंच सुटून, टांगल्याशिवाय माइकवर पैसे घालू नका. एसएम५८ या डायनॅमिक माइकची संवेदनशीलताही −५४.५ डीबीव्ही आहे, म्हणजे गेनची गरज जवळपास तेवढीच, फक्त तो पडला तरी चालतो.

गोदाकाठचा_सूर
गोधड्या आजच टांगतो. एक वापरलेला आर१४४ मिळतोय. बघायचं काय?

सोल्डरवाला
उघडू नका. एकाच अंतरावरून पुढे आणि मागे एकच ओळ गाऊन रेकॉर्ड करा. पातळीत २ डीबीपेक्षा जास्त फरक, मंद बोथट आवाज किंवा खर्जात फडफड आली तर रिबन सैल आहे. जाळीतून टॉर्च मारून बघा, नागमोडी घड्या सारख्या अंतरावर आणि फटीच्या मधोमध हव्यात. रिबन बदलता येते, पण घरची फॉइल दहा मायक्रॉनच्या पुढची, तिचा उपयोग नाही. दुरुस्तीचा खर्च धरून भाव करा. नवा घेत असाल तर या दोघांत जो वॉरंटीसह मिळेल तो घ्या. तुमच्या खोलीत दोघांच्या फरकापेक्षा त्या गोधड्यांचा फरक मोठा पडेल.

खर्जातला_सा
शेवटी १० किलोहर्ट्झच्या वर ३ डीबीचा शेल्फ (वरचा सगळा भाग उचलणारा ईक्यू) द्या, रिबन तेवढं झेलते. पण खरखरही तेवढीच चढते, तेव्हा आधी ती रेझिस्टरची चाचणी.