महाद्वार रोडवर सव्वा मीटरचं अंतर कुठनं आणायचं?

राजारामपुरी_एमटेक
माणसांच्या वर्दळीत रोबॉटनं रीतीनं कसं चालावं, हा माझा एम.टेक.चा विषय. मार्गदर्शक म्हणतात, माणसांच्या चालण्याच्या नोंदींचा तयार डेटा वापर. त्यातली माणसं झुरिच नि सायप्रसमधल्या रस्त्यांवरची, 2007-09 च्या सुमाराची. अंतराचा हिशेब मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांचा, 1966 चा : अनोळखी माणसापासून सव्वा मीटर तरी लांब. तोही अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांना बघून मांडलेला.

परवा संध्याकाळी इथं कोल्हापुरात अंबाबाईच्या महाद्वारासमोर अर्धा तास उभा राहिलो. ओटीचं ताट घेतलेल्या मावशींनी न थांबता नुसता खांदा मागं घेतला, गजरेवाल्यानं टोपली पोटाशी ओढली. मध्ये वीतभर जागा, पण कुणाचा कुणाला धक्का नाही. इथला रोबॉट इथल्याच गर्दीच्या नोंदींवर शिकला पाहिजे.

गंगावेसकर
अजिबात पटलं नाही. माणूस खांदा मागं घेतो, यंत्राला खांदा कुठं असतोय? माझी आई 74 वर्षांची, काठी टेकत देवळात जाते. तिच्यापासून वीतभर अंतरावरनं ते धूड जाणार? त्यापेक्षा जागेवर थांबू दे की.

राजारामपुरी_एमटेक
काका, भर गर्दीत मध्येच थांबलं तर मागची माणसं आदळतात. शिवाय ट्राउटमन आणि क्राउझ या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलंय : समोरचाही जरा सरकेल हे गणितात धरलं नाही, तर रोबॉटला सगळ्याच वाटा बंद दिसतात नि तो गोठतो.

मिरजकर_तिकटी
म्हणजे आईनं सरकायचं? मला तर नोंदीचंच खटकतंय. देवदर्शनाला जाणाऱ्या बायकांचं चित्रण करायची परवानगी कुणाची?

राजारामपुरी_एमटेक
ताई, कॅमेरा लावणारच नाही. घोट्याच्या उंचीवर लायडर, म्हणजे लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर, फिरतो, त्यात चेहरा येत नाही, पायांचे ठिपके तेवढे येतात.

गंगावेसकर
मग त्यात आईची काठी दिसते का?

राजारामपुरी_एमटेक
आत्ता घरीच झाडूचा दांडा उभा धरून बघितलं. दोन मीटरवर दोनच ठिपके आले, आणि एवढे थोडे ठिपके माझा प्रोग्राम कचरा समजून गाळतो. काका, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काठीवाल्यांची नोंद आधी घेतो, मगच पुढचं.

गंगावेसकर
घे. रस्त्यावर यंत्र सोडायला मात्र माझा विरोध कायम आहे.