गुडघ्यात धातू, एमआरआयवर काळा डाग

घोडबंदरची आई: मुलाच्या मांडीच्या हाडातली गाठ काढून धातूचा सांधा बसवलाय. काल ३ टेस्लावर (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) एमआरआय केला. गुडघ्याभोवती नुसता काळा डाग, कडेला पांढरी चमक. गाठ परत आलीय की नाही, कळेचना. पैसे गेले ते गेलेच. पुन्हा करू का?

वाशीचा टेक्निशियन: ताई, १.५ टेस्लावर करा. चुंबक जितकं जोरदार, तितका डाग मोठा. बँडविड्थ (सिग्नल घ्यायची फ्रिक्वेन्सीची रुंदी) वाढवा, चित्राचे काप पातळ घ्या, चरबीचा सिग्नल दाबायला फॅटसॅटऐवजी स्टिर (STIR) ही पद्धत वापरा म्हणावं. सेमॅक (धातूचा डाग कमी करणारी खास स्कॅन पद्धत) असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त वेळ जास्त लागतो. इम्प्लांटचं कार्ड न्या.

घोडबंदरची आई: कार्डावर कोबाल्ट-क्रोम लिहिलंय.

वाशीचा टेक्निशियन: मग टायटॅनियमपेक्षा डाग जास्तच येणार. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, नाहीतर नेहमीचाच गुडघ्याचा प्रोटोकॉल लावतील.

ऐरोलीकर: आमच्या बाबांना पाऊण तास लागला. पोराला आधी बाथरूमला नेऊन आणा.