सोलर बंब काढून टाकू का? (गच्ची एक, दावेदार दोन)

गच्चीवाला:
चिंचवडला आमचं छोटं बैठं घर, माणसं चार. गच्चीवरचा २०० लिटरचा सोलर २०११चा. परवा माणसाने एक काचेची नळी उपसली तर आतून पांढरा चुरा ओंजळभर पडला, फरशीवर चुना सांडल्यासारखा. टाकीही बुडाशी पाझरते. दुरुस्ती नको, बदलाच म्हणतो.

माझं मत: आता पाण्याचा सोलर नकोच. ती जागा मोकळी करून विजेची पॅनेलं लावावीत आणि खाली हीट पंप (विजेवर चालणारं, पाणी तापवायचं यंत्र) बसवावा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पाण्याच्या सोलरला त्यातलं काही नाही.

नळीवाले काका:
गणित करा आधी. २०० लिटरचा सोलर साधारण ४ चौरस मीटर जागा खातो. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं म्हणजे ७ युनिट. तेवढ्याच जागेत पॅनेल बसेल पाऊण किलोवॉटचं, देईल दिवसाला ३ युनिट. उन्हापासून थेट उष्णता घ्यायची सोडून आधी वीज करायची आणि मग तिनं पाणी तापवायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

गच्चीवाला:
काका, ७ युनिट वापरतंय कोण? आम्हाला सकाळी १०० लिटर पुरतं, म्हणजे साडेतीन युनिटची उष्णता. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो, त्याला त्यासाठी साधारण एक युनिट वीज लागते. एप्रिलमध्ये टाकीत उकळतं पाणी असतं आणि आंघोळ गारच करतो आम्ही. ती उष्णता विकता येत नाही. वीज मात्र नेट मीटरिंगने (जास्तीची वीज वीज कंपनीला देऊन बिलात वळती करायची सोय) मार्चअखेरपर्यंत खात्यात जमा राहते. पावसाळ्यात तर तुम्हीही गीझर लावताच की.

बोअरचंपाणी:
दोघंही पाण्याबद्दल बोलतच नाही आहात! तो पांढरा चुरा क्षारांचा. बोअरच्या पाण्यावर नवा सोलर घ्या नाहीतर हीट पंप, त्याचीही तीच गत. माझ्या गीझरची कॉइल काढली तेव्हा हाडासारखी जाड झाली होती. बोअर असेल तर नळ्यांचाच घ्या. तांब्याच्या बारीक पाइपांचा चपटा सोलर तुंबतो, घ्यायचाच तर हीट एक्सचेंजरवाला, म्हणजे बोअरचं पाणी त्या बारीक पाइपांत जातच नाही. नगरपालिकेचं पाणी असेल तर चपटा बिनधास्त. आणि भर दुपारी रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, तडकतात. आमच्या दोन गेल्या.

झटपट:
एवढी चर्चा? गॅस गीझर लावा, दोन मिनिटांत पाणी. बंब परत आणा म्हणणारे अजून कसे आले नाहीत?

बोअरचंपाणी:
झटपट, बंद बाथरूममध्ये गॅस गीझर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वास येत नाही, माणूस आतल्या आत पडतो. लावायचाच तर बाहेरच्या बाजूला, मोकळ्या हवेत.

नळीवाले काका:
हीट पंपचा कॉम्प्रेसर बिघडला की कोणाला बोलावणार? सोलरची नळी आमच्या कोपऱ्यावरचा प्लंबरही बदलतो. शिवाय पुण्यात सोलर असेल तर मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते, चिंचवडचं तुम्ही विचारून घ्या. एक मात्र मान्य: गच्चीपासून तळमजल्यापर्यंत गरम पाणी यायला अर्धी बादली गार पाणी सोडावं लागतं. ते मला रोज खुपतं. पाइपला वेष्टण लावायचं राहूनच गेलं.

गच्चीवाला:
अर्धी बादली? आमची पाऊण. ती बादली आई तुळशीला आणि उरलेलं कुंड्यांना घालते, म्हणून बरं.

पाणी बोअरचंच आहे, ते लिहायचं राहिलं. म्हणजे आधी पाणी तपासून घेतो. कॉम्प्रेसरचा मुद्दा खरा आहे, सर्व्हिस जवळपास मिळाली नाही तर हीट पंपऐवजी पॅनेलं आणि २५ लिटरचा साधा गीझर, एवढ्यावर भागवेन. सोलर मात्र उतरतोय. काका, टाकीचा सांगाडा हवा असेल तर सांगा, भंगारवाला रविवारी येणार आहे.