घरात आहे त्यातच परतून केलेलं जेवण: तुमचे अनुभव लिहा

निपाणीची वहिनी
काल यमगर्णीच्या पुलावरून आलो. वेदगंगा गढूळ होऊन काठाला टेकलीय, आणि एकदम 2019 चा ऑगस्ट आठवला. हायवे बंद, मार्केट बंद, पूरवस्तीतले पाहुणे आमच्याच घरी. सासूबाईंनी घर धुंडाळलं तर अर्धा कोबी, थोडी गाजरं, शेंगदाणे आणि दुपारचा भात निघाला. लोखंडी कढई चुलीवर ठेवली, तेल चांगलं कडकडीत तापवलं, ठेचलेला लसूण, मग गाजर, मग कोबी. उलथनं थांबलंच नाही त्यांचं. भाजी कचकचीत असतानाच भात मोकळा करून सोडला, वर कांदा-लसूण चटणी आणि शेंगदाणे. मुलं अजून "पुरातला भात कर" म्हणतात. माझं तर ठाम मत झालंय, भाजी कुठली का असेना, कढई तापलेली पाहिजे. तुमच्याकडे अशा वेळी काय झालं ते लिहा. रेसिपी नको, घडलेलं सांगा.

खानापूर_पाऊस
रताळी!! आमच्याकडे दुसरं काय असणार. लाईट गेली की मिक्सर बंद, मग मिरची-लसूण खलबत्त्यातच. रताळ्याच्या बारीक काड्या करून पाण्यात टाकायच्या, पिठूळपणा जातो. मग फडक्यावर पुसून अगदी कोरड्या करायच्या. ओल्या टाकल्या की तेल उडतं आणि काड्या चिकटतात. मोहरी, जिरं, ठेचा, मोठ्या आचेवर. भाकरीबरोबर खाऊन बघा की.

अनगोळकर काकू
मीठ शेवटी. कोबीला आधी घातलं की पाणी सुटतं, मग ते परतणं राहत नाही, उकडणं होतं. कुकर लागलाय, नंतर लिहिते

चंदगडचा पोरगा
मी उद्यमबागजवळ रूमवर राहतो. एक इंडक्शन, एक पातळ पॅन. सगळी भाजी एकदम टाकली की पॅन गार पडतो, म्हणून थोडी थोडी परतून ताटात काढतो आणि शेवटी एकत्र करतो. महिनाअखेरीला कांदा, ढबू मिरची, दोन अंडी, उकडून निथळलेल्या शेवया. मित्र दुसऱ्या रूममधनं वासावर येतात. अनगोळकर काकू, मिठाचं आजच करून बघतो 🙏

संकेश्वर_माहेर
चटणीचा विषय निघालाच आहे तर, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, दोन्ही मिसळल्याशिवाय आमच्या आईचा जीव थाऱ्यावर येत नाही. उन्हाळ्यात गच्चीभर मिरच्या वाळत असायच्या, सगळ्या गल्लीला ठसका. परतलेल्या भाजीला ती चटणी गॅस बंद केल्यावर घाला, तापल्या तेलात लगेच करपते आणि कडू लागते. वहिनी, सासूबाई कशा आहेत आता? पुरात लई सोसलं त्यांनी.

निपाणीची वहिनी
बऱ्या आहेत हो, गुडघे तेवढे धरतात. पण भाकरी अजून स्वतःच थापतात.

नर्स_टिळकवाडी
ड्युटीवरून आल्यावर माझं रोजचं हेच. फ्रिजमधला गार भात परतायला सगळ्यात चांगला, शीत घट्ट होतं आणि मोकळं राहतं. पण एक कळकळीनं सांगते, उरलेला भात पसरून गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू जे विष तयार करतात ते परत तापवूनही जात नाही. वॉर्डात उलट्या-जुलाब घेऊन आलेली माणसं बघितलीत मी. 

चिकोडी_ऊस
शेतावर बीन्स, कांद्याची पात, वांगी, जे हाताला लागेल ते. शेजारच्या कन्नड अक्का बीन्स परतून वर कारळ्याची चटणी भुरभुरतात. माझ्या मते आपल्या भागातली ही सगळ्यात चविष्ट परतलेली भाजी. मसाला काहीच लागत नाही.

अनगोळकर काकू
आले. बीन्स-गाजर आधी, कोबी-ढबू नंतर, पालेभाजी अगदी शेवटी. आणि सगळं एका जाडीचं चिरा, नाहीतर अर्धं कच्चं अर्धं मऊ. शिळी भाकरी असेल तर कुस्करून त्यातच परता. आमचे हे भातापेक्षा तेच आवडीनं खातात.

खानापूर_पाऊस
काकू 👌 कुस्कऱ्यात ताक शिंपडता का?

अनगोळकर काकू
होय की, भाकरी ज्वारीची आणि कडक झाली असेल तर. दोन चमचे पुरे.

संकेश्वर_माहेर
जरा वेगळं विचारते, बेळगाव बासमती खात्रीचा कुठं मिळतो? हल्ली त्या नावानं मिळतो त्याला वासच नाही.

चिकोडी_ऊस
बाजारात शोधू नका अक्का. खानापूर नाहीतर बेळगाव तालुक्यातला ओळखीचा शेतकरी गाठा आणि सुगीआधीच सांगून ठेवा.

खानापूर_पाऊस
आमच्या भावकीत एक-दोघं लावतात. विचारून कळवते. परतायला मात्र तो वापरू नका अक्का, वरणाबरोबर खा.