चर्चा: बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला गटाने खरा धंदा करायला लावावा का?

पूर्वभाग_शिक्षिका (धागा यांचा)

माझं मत सरळ आहे: लावावा, आणि निम्मे गुण त्याच्यावर ठेवावेत. सेमिस्टरच्या शेवटी प्रोजेक्टची फाईल स्पायरल करून जमा केली म्हणजे मुलं हाताने काही शिकली असं होत नाही. ती फाईल नाव बदलून पुढच्या वर्षी परत येते.

वर्ग 60 चा असेल तर 5 जणांचे 12 गट करावेत, आणि ते शिक्षकानेच पाडावेत. मुलांवर सोडलं की मित्रमंडळ एकीकडे जातं आणि उरलेल्यांचा एक गट होतो, मग तो शेवटपर्यंत उरलेल्यांचाच राहतो. गटात एकाला तरी हिशोबाची गोडी हवी. मराठी, तेलुगू, कन्नड यांतल्या किमान दोन भाषा बोलणारे हवेत, कारण सोलापूरच्या पूर्व भागात गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोललं की बोलणं लगेच पुढे सरकतं. अक्कलकोट, मोहोळहून एसटीने येणाऱ्यांना संध्याकाळी थांबता येत नाही, म्हणून गटाच्या बैठका वेळापत्रकातच बसवाव्या लागतात. नाहीतर काम शहरात राहणाऱ्या दोघांवर पडतं आणि बाकीच्यांना कामचुकार ठरवलं जातं.

भांडवल कॉलेजने द्यावं, गटाला 10,000 रुपये, बिनव्याजी. अमेरिकेतल्या बॅबसन कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं कॉलेजकडून कर्ज घेऊन गटाने धंदा काढतात आणि नफा समाजकार्याला देतात. आपल्याकडे शेंगदाणा चटणी घ्या. आकडे उदाहरणापुरते धरते. गृहउद्योगाकडून 100 ग्रॅमचं सीलबंद पाकीट 25 रुपयांना मिळालं, विकलं 40 ला. सुटतात 15. पत्रकं, चवीचे नमुने, रिक्षा, टेबलाचं भाडं मिळून 3,000 रुपये. म्हणजे 200 पाकिटं विकली की खर्च निघाला. इथवर फळ्यावरही येतं. पण किराणा दुकानदार 20 टक्के मागतो. मग हातात येतात 32, सुटतात 7, आणि तोच आकडा 429 पाकिटांवर जातो. भांडवलातून 3,000 वजा केले तर माल येतो 280 पाकिटांचा. सगळा स्वतः विकला तर 1,200 रुपये नफा, सगळा दुकानांत ठेवला तर 1,040 तोटा, वर पैसे महिन्याने. एवढं एकदा हातून गेलं की खेळतं भांडवल वेगळं शिकवावं लागत नाही.

वाणिज्य_जुना

ताई, हिशोब चोख आहे, पण तुम्ही तो चार ओळींत मांडलात आणि वाचणाऱ्याला कळलाही. मग त्यासाठी अख्खं सेमिस्टर कशाला घालवायचं?

माझा विरोध तीन गोष्टींना आहे. पहिली, या वर्गातल्या बऱ्याच मुलांना रोजकीर्दीतून ताळेबंदापर्यंत जाता येत नाही. पाया कच्चा असताना धंदा दिला की ती वहीत ‘आले’ आणि ‘गेले’ एवढंच लिहितात. येणं बाकी, शिल्लक माल यांचा पत्ता नसतो, आणि हातात रोकड दिसली की नफा झाला असं वाटतं. दुसरी, विकण्याची जागा. सगळे गट जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेकडे धाव घेतील. तिथे गर्दीच माल उचलते, त्यात विद्यार्थ्याने काय ठरवलं? आणि एप्रिलच्या उन्हात उरलेली चटणी खवट झाली की ती कुणाची? तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. चार रुपये वाचवायला एखादा गट सुटी चटणी आणून घरी पाकिटं भरणारच. त्या क्षणी ते अन्नपदार्थाचे पॅकर झाले. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, लेबलवर वजन, पॅकिंगची तारीख, हिरवा ठिपका, सगळं लागतं. मुलांच्या नावावर हे ओझं टाकणं मला पटत नाही.

आणि गुण? पाचातले दोघे राबतात, पाचही जण पास होतात. दोरी ओढणारे वाढले की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने 1913 मध्येच दाखवून ठेवलं आहे.

गटशिक्षण_सोलापूर

सर, शेवटच्या मुद्द्यावर उपाय आहे, तो नीट वापरला जात नाही एवढंच. प्रत्येकाला 40 गुण द्या आणि ते स्वतःला सोडून बाकी चौघांत वाटायला सांगा. सरसकट दहा-दहा चालणार नाहीत. एकाला तरी 11 किंवा जास्त आणि एकाला तरी 9 किंवा कमी द्यायचेच, शेजारी एका ओळीत कारण. हे दोनदा करायचं, सहाव्या आठवड्यात आणि शेवटी. पहिल्या वेळचे गुण धरायचे नाहीत, फक्त दाखवायचे. फक्त शेवटी केलं तर सुधारायला वेळच राहत नाही आणि नुसता राग उरतो. कुठल्याही गटात ठरवून पाळीपाळीने गुण वाटलेले दिसले तर कारणाच्या ओळी वाचा, तिथे उघडं पडतं.

पाया कच्चा असण्याबद्दल सर बरोबर आहेत. त्यासाठी प्राध्यापक लॅरी मायकेलसन यांची गटाने शिकायची पद्धत बघा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात 1970 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सुरू केली. धडा घरून वाचून यायचा. वर्गात 10 बहुपर्यायी प्रश्न, आधी एकट्याने, लगेच तेच प्रश्न गटाने. दोन्हींचे गुण धरायचे. एकट्याने ताळेबंद न वाचता आलेला तिथेच दिसतो, धंद्यात पैसे घालायच्या आधी. मग सगळ्या गटांना एकच प्रश्न आणि एकच ठोस निवड: दुकानात ठेवायचं की स्वतः विकायचं? उत्तराचं कार्ड सगळ्यांनी एकदम वर करायचं. नाहीतर पहिला गट बोलला की बाकीचे मान डोलावतात.

टॉवेलवाला_एमआयडीसी

मी दोघांच्याही मधला बोलतो. मुलांना विकायला लावण्यापेक्षा मोजायला लावा. गावात टॉवेलचे कारखाने असताना चटणीच का?

30 बाय 60 इंचाचा, 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम) टॉवेल म्हणजे साधारण 522 ग्रॅम. गटाने दहा टॉवेल काट्यावर ठेवावेत. सरासरी 540 आली तर नगामागे 18 ग्रॅम सूत फुकट चाललंय; हजार नगांना 18 किलो. मग ते का, हे शोधावं: लूप (टॉवेलवरचे धाग्याचे फासे) उंच आहे, वाणा (आडवा धागा) दाट आहे की ओलावा? किंवा एका लूमशेजारी (मागाशेजारी) पूर्ण पाळी उभं राहून थांबे लिहावेत: ताणा (उभा धागा) तुटला, वाणा तुटला, बीम (ताण्याचा रूळ) संपली, वीज गेली, आणि प्रत्येक थांबा किती मिनिटांचा. हा कागद मालकाच्या कामाचा असतो, म्हणून तो मुलांना वेळ देतो. फक्त पाचही जण एकदम आत पाठवू नका. दोघे आत, बाकीचे हिशोबाला, आलटून पालटून. लूमजवळ ओढणी, सैल बाही चालत नाही, हे आधी सांगा.

पूर्वभाग_शिक्षिका

दादा, मोजमापाचं मान्य, आणि ते पहिल्या सहा आठवड्यांत बसतंही. पण दुसऱ्याच्या कारखान्यात मोजताना मुलांचं स्वतःचं काही पणाला लागत नाही. भाव ठरवणं, उधारी द्यायची की नाही, हे स्वतःच्या पैशावरच कळतं.

सर, सुटा माल बंद, फक्त परवानाधारकाचं सीलबंद पाकीट, हे मी नियमात घालते. यात्रेतली विक्री एकूण विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच धरू. दर आठवड्याला प्रत्येक गटाला दहा मिनिटं, बारा गटांना दोन तास; त्यात रोखवही आणि पेटीतली रोकड दोन्ही टेबलावर.

वाणिज्य_जुना

त्या दहा मिनिटांत वही कोण उघडणार हे चिठ्ठी काढून ठरवा. हिशोबनीस ठरलेला असला की बाकी चौघे वहीला हातही लावत नाहीत. आणि बुडालेलं भांडवल मुलांकडून वसूल करणार नाही, हे कॉलेजने आधी लेखी द्यावं. नाहीतर ज्याच्या घरी पैसे आहेत तो खिशातून भर घालून तोटा लपवेल आणि तुमच्या टेबलावरची वही खोटी असेल. एवढं केलंत तर 30 गुणांपर्यंत माझा विरोध नाही. निम्म्या गुणांना आहे, आणि ताळेबंदाचा लेखी पेपर प्रत्येकाने एकट्यानेच सोडवावा.