रंग कमी, थर जास्त

सोफ्यामागच्या भिंतीसाठी स्वतःच अमूर्त चित्र करायचं म्हणताय, तर जरूर करा. फक्त सोफ्याच्या कव्हरशी रंग जुळवण्यापासून सुरुवात करू नका, असं मला मनापासून वाटतं. कव्हर बदलेल, चित्र राहील. नाशिकमध्येच आहात, तर काळाराम मंदिराचा पावसात भिजलेला दगड जवळून बघून या. लांबून काळा दिसतो, पण त्यात निळसर, हिरवट, राखाडी असं बरंच काही सापडतं. त्यातले दोन-तीनच रंग आणि पांढरा घ्या. फार रंग एकत्र कालवले की मातकट होतात.

कॅनव्हासची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असू द्या. ॲक्रिलिक वापरा, लवकर वाळतं. वाळल्यावर किंचित गडद होतं, हे लक्षात ठेवून छटा ठरवा. कॅनव्हासला आधी जेसो (रंग नीट धरावा म्हणून लावायचा पांढरा अस्तर-थर) लावलेला नसेल तर त्याचे दोन हात द्या.

खरी मजा थरांत आहे. नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) रंग चढवत आणि काढतही. तुम्हीही ओला थर जुन्या वर्तमानपत्राने टिपून बघा, खालचा रंग अनपेक्षित जागी वर येतो. पुढचा थर मात्र आधीचा पूर्ण वाळल्यावरच.

सोफ्यामागची भिंत घराची बाहेरची भिंत असेल तर चित्राच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवून फट ठेवा, पावसाळ्यात बुरशी धरत नाही.